ज्वाळेचे तापमान : मीटर, डोळा आणि प्रकाश

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने लेसरवर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो माझ्याही मनात आला होता. त्याचे उत्तर आमच्या घरच्या एका प्रसंगात आहे, म्हणून आधी तो प्रसंग सांगते.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मावळातल्या एका लहान कारखान्यात भट्टीवर काम करतात. लोखंडाचे तुकडे भट्टीत तापवायचे आणि वेळ झाली की सांडशीने बाहेर काढून हॅमरखाली द्यायचे, हे त्यांचे काम. शिक्षण सातवीपर्यंत. पण लोखंड किती तापले आहे हे त्यांना रंगावरून कळते, आणि त्या रंगांना त्यांनी स्वतःची नावे दिली आहेत. आधी डाळिंबी, मग गुलमोहर, मग झेंडू आणि शेवटी पिकल्या लिंबाच्या सालीचा पिवळा. लिंबाच्या रंगावर घाव घालायचा. त्यापुढे लोखंड पांढरे पडू लागले आणि ठिणग्या उडू लागल्या की ते जळले. मग त्यावर कितीही घाव घाला, ते तडकतेच.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका रात्रपाळीला भट्टीच्या मीटरवर आकडा होता १,१८०. अण्णा म्हणाले, ताप जास्त झाला आहे, बर्नर कमी करा. सुपरवायझरने मीटरकडे बोट दाखवले. मीटर बरोबर आणि माणूस चूक, हे तिथे आधीच ठरलेले होते. तासाभराने बाहेर काढलेला सगळा माल जळालेला निघाला. 'भट्टीवर कोण होते?' असे विचारले गेले तेव्हा मीटरचे नाव कोणी घेतले नाही. अण्णांची दोन दिवसांची मजुरी कापली गेली. पुढे महिन्याभराने ते थर्मोकपल बदलले तेव्हा जुनी तार खाऊन गेलेली आढळली. कापलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

मी तेव्हा बारावीत होते. आमच्या घरात छापील आकड्यावर माझा जेवढा विश्वास, तेवढा दुसऱ्या कोणाचा नसेल. कारण आकडे वाचता येणे हीच माझी घरातली पत! म्हणून हा प्रश्न मला सोडेना. मीटर खोटे कसे बोलू शकते? महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात जे मिळाले ते वाचत गेले, कनिष्ठ महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या मॅडमना जाऊन त्रास दिला, आणि त्यातून जे समजले ते येथे मांडत आहे. गणित टाळले आहे. ते मला येत नाही, हेही एक कारण.

पहिली गोष्ट समजली ती अशी की तापमापक फक्त स्वतःचे तापमान सांगतो. ताप आला असता काखेत थर्मामीटर ठेवून आपण थोडा वेळ का थांबतो? त्या अवधीत थर्मामीटर शरीराइतकाच तापतो आणि मग स्वतःचा आकडा सांगतो. तोच आपण शरीराचा धरतो. दोघांचा ताप सारखा झाला तर ही युक्ती चालते. भट्टीतल्या वायूत मात्र ती फसते. पौषाच्या थंडीत लोणावळ्याला शेकोटीभोवती बसलेल्या माणसाची छाती भाजते आणि पाठ गारठते. ज्वाळेत खुपसलेल्या तारेचे तसेच होते. तप्त वायूकडून ती उष्णता घेते आणि त्याच वेळी भोवतालच्या कमी तापलेल्या भिंतींकडे, आत टाकलेल्या थंड लोखंडाकडे आणि स्वतःच्या दांड्यातून बाहेर ती घालवत राहते. त्यामुळे ती वायूइतकी कधीच तापत नाही. शिवाय वर्षानुवर्षे आगीत राहिलेल्या तारेचा धातूच बदलतो आणि ती खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवू लागते. आणखी एक अडचण आहे. प्लॅटिनमसारखा धातूसुद्धा १,७६८ अंश सेल्सिअसला वितळतो; काही ज्वाळा त्याहून उष्ण असतात. तेथे तार बिचारी आकडा सांगायलाही उरत नाही.

मग अण्णांचा डोळा बरोबर होता का? होय, पण तो काय पाहत होता हे नीट समजून घेतले पाहिजे. तापलेला घन पदार्थ प्रकाश देतो आणि ताप वाढेल तसा त्याचा रंग लालाकडून पांढऱ्याकडे सरकतो. म्हणजे अण्णा लोखंडाचा प्रकाश वाचत होते. चुलीतल्या पिवळ्या जाळाचा रंगही वायूचा नसतो, त्यात तरंगणाऱ्या काजळीच्या कणांचा असतो. गॅसच्या शेगडीची निळसर ज्योत चुलीच्या पिवळ्या जाळाहून सहसा अधिक तापलेली असते, पण तिच्यात काजळी नसल्यामुळे ती डोळ्यांना थंड वाटते. हवेत सर्वांत जास्त, शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग, असतो तो नायट्रोजन. तो कितीही तापला तरी त्याच्या रंगावरून डोळ्याला काही कळत नाही. मीटर आपल्या तारेविषयी बोलते आणि डोळा लोखंडाविषयी. वायूला कोणी विचारतच नाही.

वायूला विचारायची एक जुनी युक्ती चुलीपाशीच दिसते. मीठ घातलेली पेज उतू जाऊन जाळावर सांडली की क्षणभर जाळ पिवळाधमक होतो. तो रंग मिठातल्या सोडियमचा. काचेच्या भट्टीपाशी काम करणारे डोळ्यांसमोर निळी काच धरतात, ती हाच पिवळा झगझगाट अडवण्यासाठी, कारण काचेच्या मिश्रणात सोडा असतो. आमच्या तालुक्यात काचेची ओळख जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैशापैशाने जमवलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला, हे अनेकांना ठाऊक असेल.

या पिवळ्या रंगाचा उपयोग शास्त्रज्ञांनी असा केला. ज्योतीत थोडे मीठ सोडायचे आणि ज्योतीच्या मागे एक प्रखर दिवा ठेवायचा. लोलकातून पाहिले असता दिव्याच्या अखंड रंगपट्ट्यावर सोडियमची रेषा दिसते. ज्योत दिव्याहून तप्त असेल तर रेषा उजळ दिसते आणि दिवा तप्त असेल तर काळी. दिवा कमीजास्त करत राहावे. ज्या क्षणी रेषा नाहीशी होते, त्या क्षणी दोघांचा ताप सारखा. दिव्याचा ताप आधीच मोजलेला असतो. मला तर ही तराजूची आठवण करून देणारी पद्धत फार आवडली.

सूर्याचा ताप काढायलाही प्रकाशावाचून मार्ग नव्हता. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सूर्याभोवतीच्या वायूंचा वर्णपट टिपण्यासाठी इंग्लंडहून नॉर्मन लॉकियर विजयदुर्गावर आले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आपली यंत्रे लावली होती. वर्णपटातल्या कोणत्या रेषा कोणत्या तापाला का दिसतात, याचे सूत्र मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले, आणि ताऱ्यांची तापमाने वाचता येऊ लागली. पण तारा जागच्या जागी जळत राहतो. भट्टीतली किंवा इंजिनातली ज्वाळा क्षणाक्षणाला बदलते, आणि तिच्यात मीठ टाकत बसण्याइतका वेळही नसतो.

येथून पुढची वाट कोलकात्याहून जाते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, एक गोष्ट पकडली. एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला असता विखुरलेल्या प्रकाशात थोडा वेगळ्या रंगाचाही प्रकाश असतो. प्रकाश रेणूला हलवतो तेव्हा स्वतःची थोडी ऊर्जा देऊन बसतो आणि तांबड्याकडे झुकतो. उलट रेणू आधीच थरथरत असेल तर प्रकाश त्याच्याकडून ऊर्जा घेतो आणि निळ्याकडे झुकतो. आता विचार करा. रेणू आधीपासून थरथरत केव्हा असतील? वायू तापलेला असेल तेव्हा! म्हणजे निळ्या आणि तांबड्या बाजूच्या प्रकाशाचे प्रमाण पाहिले की ताप कळतो, आणि वायूला स्पर्शही करावा लागत नाही. अडचण एवढीच की विखुरलेल्या प्रकाशकणांपैकी कोटीत एखादाच असा रंग बदलतो. ज्वाळेच्या स्वतःच्या झगमगाटात तो शोधणे म्हणजे पालखीच्या गर्दीत चुकलेले पोर शोधणे.

ही अडचण लेसरने सोडवली. पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून चालवला. लेसरच्या इतिहासात आपल्या जिल्ह्याचेही एक नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते १९५८ साली पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. आज कारखान्यांतून पोलादाचे पत्रे कापणाऱ्या लेसरांत ही जात प्रसिद्ध आहे. त्या लेसरमध्ये पटेल यांनी नायट्रोजनचीच थरथर वापरली. विजेने नायट्रोजनचे रेणू थरथरवायचे आणि त्यांनी धडकेसरशी ती थरथर कार्बन डायऑक्साइडला द्यायची, अशी ती योजना. ज्या रेणूला आपण भट्टीत ताप विचारणार आहोत, तोच हा.

लेसरमुळे रामन यांच्या परिणामाची एक जोमदार आवृत्ती हाती आली. दोन लेसरांचे रंग असे निवडायचे की त्यांतला फरक नायट्रोजनच्या थरथरीशी बरोबर जुळावा. ते दोन्ही झोत एकाच ठिकाणी पडले की तिथले सगळे रेणू एका तालात थरथरू लागतात. मग तिसरा झोत टाकला की निळ्या बाजूचा प्रकाश इकडेतिकडे न विखुरता स्वतंत्र किरण होऊन एकाच दिशेने बाहेर पडतो. तो लांबवर नेऊन शांतपणे तपासता येतो. ज्वाळेचा झगमगाट मागेच राहतो. हा परिणाम १९६५ साली फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रथम दिसला आणि १९७० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या विमानविद्येच्या संशोधकांनी तो ज्वाळांकडे वळवला.

तरीही एक खोट राहिली. ती समजण्यासाठी रेणूंची धावपळ पाहिली पाहिजे. नेहमीच्या हवेत नायट्रोजनचा रेणू सेकंदाला सरासरी पावणेपाचशे मीटर वेगाने धावतो. वाटेत कोणी आडवे आले नाही तर लोणावळ्याहून पुण्याचे ६४ किलोमीटर तो सव्वादोन मिनिटांत कापील! (आमच्या लोकलला सव्वा तासाहून अधिक लागतो.) पण त्याला वाट मोकळी मिळत नाही. सेकंदाला सुमारे सातशे कोटी वेळा तो दुसऱ्या रेणूंवर आदळतो. जुन्या लेसरांचा झोत लहान असला तरी तेवढ्यात कितीतरी धडका होऊन जात. म्हणजे रेणूने आपली हकिकत सांगायला सुरुवात करावी आणि शेजाऱ्यांनी मध्येच धक्के मारावेत. कोण कोणावर किती आदळले याचा हिशोब वजा केल्याशिवाय तापमान निघत नसे, आणि इंजिनासारख्या दाबाखालच्या वायूत तर हा हिशोब फारच बिकट होई.

यावर उपाय म्हणजे धडक बसायच्या आत विचारून मोकळे होणे. त्यासाठी फेम्टोसेकंदांचे लेसर लागतात. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके तुकडे केले तर त्यातला एक. मी भूगोलाची विद्यार्थिनी असल्यामुळे मला तो असा समजला : एका फेम्टोसेकंदाला ताणून सेकंदाएवढे केले, तर एक सेकंद तीन कोटी सतरा लाख वर्षांचा होईल, आणि ज्या लाव्ह्यापासून आपली नागफणी बनली, त्याचे वय त्या मापाने जेमतेम दोन सेकंद भरेल. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीइतका पुढे जात नाही. असे अतिलघू झोत वापरून रेणूंच्या हालचाली पाहिल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याहून हजारपट लहान मापाच्या झोतांसाठी २०२३ साली तिघांना मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आयसरमध्ये फेम्टोसेकंद लेसरांवर संशोधन चालते.

आता मुख्य युक्ती. ती मॅडमनी समजावली तेव्हा मला आमच्या शाळेचे लेझीम आठवले. ढोलाचा पहिला ठोका पडतो तेव्हा शंभर पोरे एकदम लेझीम उचलतात आणि एकच आवाज होतो. पण ढोल तिथेच थांबला तर? प्रत्येकाचा हात थोडा निराळ्या गतीचा. चारदोन ठोक्यांत आवाज फुटू लागतो आणि मग नुसता खळखळाट उरतो. पथकात दोनतीनच गतींची मुले असतील तर ताल बराच वेळ टिकेल. दहा-पंधरा गतींची असतील तर तो लगेच विस्कटेल. नायट्रोजनचे असेच आहे. पहिले दोन झोत म्हणजे ढोलाचा ठोका. सगळे रेणू एकदम थरथरू लागतात, सेकंदाला सुमारे सत्तर लाख कोटी वेळा. पण प्रत्येक रेणू थरथरता थरथरता भोवऱ्यासारखा फिरतही असतो, आणि फिरण्याच्या गतीप्रमाणे त्याची थरथर किंचित बदलते. थंड वायूत फिरण्याच्या गती मोजक्या असतात. तप्त वायूत त्या कितीतरी प्रकारच्या होतात, म्हणून वायू जितका तापलेला तितका ताल लवकर फुटतो. तिसरा झोत थोडा उशिराने पाठवून तो ताल कितपत शिल्लक आहे हे पाहतात. ताल फुटण्याची त्वरा कळली की तापमान कळले. हे सारे पहिली धडक बसायच्या आत, सेकंदाच्या एका अब्जांश भागाच्याही कितीतरी आधी, उरकलेले असते. तिसरा झोत उशिरा येण्याचा आणखी एक लाभ आहे : पहिल्या दोन झोतांच्या वेळी इतर वायूंनी केलेला गलबला तोपर्यंत शमलेला असतो.

अशी मोजणी सेकंदाला हजार वेळा करता येते, आणि दोन हजार अंशांच्या ज्योतीतही चूक शेकडा दोनतीनच्या आत ठेवता येते. मीटरच्या तारेला तापायलाच त्याहून कितीतरी अधिक वेळ लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? वायूच्या तापावर पुष्कळ काही अवलंबून आहे. ज्वाळा साधारण दीड हजार अंशांच्या वर गेली की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावू लागतो आणि विषारी ऑक्साइडे तयार होतात. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याचा घाट चढणाऱ्या मालमोटारींच्या धुरात तीच असतात. जहाजे आणि विमाने चालवणाऱ्या गॅस टर्बाइनमध्ये तर पाती ज्या तापाला वितळतील त्याहून तप्त वायू त्यांच्यावरून वाहतो. आतून हवा खेळवून ती पाती वाचवलेली असतात. लोणावळ्याला १९४५ पासून असलेल्या नौदलाच्या आय. एन. एस. शिवाजी या संस्थेत जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण देतात, आणि त्यांत ही टर्बाइनेही येतात. तेथे शंभर अंशांची चूक ही दोन दिवसांच्या मजुरीवर भागणारी नव्हे.

मात्र हे लेसर कारखान्याच्या भट्टीवर बसवलेले दिसणार नाहीत. त्यांना धक्का सोसत नाही, धूळ सोसत नाही, आत-बाहेर जाण्यासाठी स्वच्छ काचेची खिडकी लागते आणि किंमत तर विचारूच नये. आज त्यांचे खरे काम प्रयोगशाळेत आहे : तिथे ज्वाळेचे खरे तापमान मोजायचे, त्यावरून इंजिनाची आणि भट्टीची गणिते तपासायची, आणि साध्या मीटरांच्या चुका किती ते ठरवायचे. मीटरची झडती घेणारा कोणीतरी आहे, हे वाचून मला समाधान वाटले, ते लपवत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो अण्णांना वाचून दाखवला. तारेची हकिकत ऐकताना ते काही बोलले नाहीत. लेझीमची गोष्ट त्यांना चटकन समजली. त्यांच्या लहानपणी ते स्वतः पथकात होते. डबा पिशवीत घालता घालता त्यांनी विचारले, "म्हंजी त्यो लेसर हवेचा ताप सांगतो. आन् लोखंडाचा?"

"लोखंडाचा नाही, अण्णा. फक्त वायूचा."

"मग लोखंडाकडं कुनीतरी बघायलाच पायजेल," असे म्हणून त्यांनी चपला घातल्या. दुसऱ्या पाळीची गाडी फाट्यावर सव्वातीनला येते.